सर्वोत्तम सिस्टिमचा तौलनिक तक्ता

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.

आजपासून रोजनिशी. महत्त्वाचा निर्णय घ्यायचा आहे, आणि महत्त्वाचे निर्णय घेणारी माणसं नोंदी ठेवतात.

निर्णय असा: आमच्या रविवारच्या खेळाच्या टेबलाची आवडती, सर्वोत्तम, कायमची सिस्टिम कोणती. मुदत एक महिना. मुदत मी घातलेली नाही, धाकटीने घातली. धाकटी म्हणजे माझी बहीण, वय एकोणचाळीस, रक्तपेढीत टेक्निशियन. आज चहाच्या वेळी म्हणाली की दादा, एक मार्चपर्यंत काय ते एक ठरव, नाहीतर मी यायची थांबते. अगदी सहज, बिस्किट बुडवता बुडवता. टेबलावरचे बाकीचे दोघं, केमिस्ट आणि मास्तर, त्या वेळी आपापल्या कपात बघत होते. तिघं आधी ठरवून आले असावेत.

तिचं म्हणणं: नोव्हेंबरपासून मी सहा सिस्टिम बदलल्या. दर वेळी नवं पात्र, नवा फॉर्म, आणि गोष्ट सुरू व्हायच्या आत माझं नवं पुस्तक हजर.

माझं म्हणणं: चोखंदळ माणसाला वेळ लागतो.

महिना भरपूर आहे. पंधरा दिवसांत उरकेल.

२ फेब्रुवारी, सोमवार. ऑफिस, जेवणाची सुट्टी.

नव्या टायपिस्टबाईंनी विचारलं, साहेब, तुम्ही रविवारी नेमकं काय खेळता. नीट सांगता आलं नाही, त त प प झालं. पुन्हा असं होऊ नये म्हणून मसुदा करून ठेवतो.

मसुदा: चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो (मी). बाकीचे तिघं गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र आता काय करतंय ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा, एक ते वीस आकडे; मोठा पडला तर टाकणाऱ्याचं जमलं. किती पडले म्हणजे काय होतं याच्या नियमांचं पुस्तक असतं, त्याला म्हणायचं सिस्टिम. गोष्ट सांगणाऱ्यापुढे पुठ्ठ्याचा पडदा उभा असतो. चोर, लांडगे, पूर, वादळ यांच्या वतीने तो पडद्याआड फासा टाकतो आणि आकडा मोठ्याने सांगतो.

बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पडद्याआड पडलेला आकडा बाकीच्यांना दिसत नाही, मग तुम्ही खोटा सांगितला तर? मी त्यांना आपण दोघं कोणत्या ऑफिसात बसलोय याची आठवण करून दिली. वजनमापे खातं. सोळा वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासतोय. बाई गप्प झाल्या. पटलं असावं.

४ फेब्रुवारी, बुधवार.

तौलनिक तक्ता तयार. एक्सेलमध्ये, रंगीत. पाच सिस्टिम, दहा निकष, प्रत्येकी दहा गुण. पुस्तकांची खरी नावं लांबलचक आहेत, म्हणून घरगुती नावं दिली:

जाडी. तीन खंड. प्रत्येक गोष्टीला नियम.
पत्तेवाली. फाशांऐवजी पत्ते.
एकपानी. सगळे नियम एका कागदावर.
उघडी. मास्तरांनी सुचवलेली. हिच्यात पडदाच नाही. गोष्ट सांगणाऱ्यानेही फासा टेबलाच्या मधोमध टाकायचा, सगळ्यांदेखत.
जुनी. नऊ वर्षं हीच खेळलो. नोव्हेंबरात बाद केली. फक्त तुलनेसाठी तक्त्यात घेतली आहे.

जुनी बाद का, तेही लिहून ठेवतो. तिच्या नियमांनी धाकटीची होडीवाली मारली. नऊ वर्षं खेळवलेलं पात्र, एका बाणात खलास. असले नियम काय कामाचे. त्याच आठवड्यात मी जाहीर केलं की सिस्टिम बदलायची. धाकटीसाठीच केलं मी ते.

निकाल: उघडी ८३, जुनी ७९, जाडी ६४, पत्तेवाली ६१, एकपानी ५८.

काहीतरी चुकतंय.

संध्याकाळी ७. चूक सापडली. दोन निकष राहून गेले होते. (११) पुस्तकाची बांधणी व वास. (१२) पडद्याची सोय, वीस गुण. आता उघडी चौथी. तक्ता कसा शास्त्रीय वाटतोय.

८ फेब्रुवारी, रविवार.

जाडीची चाचणी. दुपारी तीन ते सहा.

पात्रांचे फॉर्म भरण्यात दीड तास गेला. केमिस्टचा वैद्य (दर सिस्टिममध्ये तो वैद्यच होतो, दिवसभर औषधं विकूनही हौस फिटत नाही) पहिल्याच पावलाला विहिरीत पडला. बुडण्याचे नियम चार पानं. फुप्फुसांची ताकद, कपड्यांचं वजन, पाण्याचा गारवा, सगळं धरायचं. वैद्य सव्वा तास बुडत होता. शेवटी केमिस्टने हात जोडून विनंती केली की मला एकदाचं मरू दे, दुकान उघडायचंय. मास्तर निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी दुसऱ्या खंडातल्या कोष्टकात बेरजेची चूक काढली आणि तेवढ्यावर खूश होऊन गेले.

धाकटीने हमाल केला. नाव विचारलं तर म्हणाली, हमाल. बोलतो का विचारलं तर म्हणाली, गरज पडली तर बोलेल.

तीन तासांत गरज पडली नाही.

होडीवाली केवढी बोलायची. नदी पार करणाऱ्या प्रत्येकाकडून ती भाड्याच्या बदल्यात एक गुपित घ्यायची. डाकू, राजदूत, एकदा तर तापाने फणफणलेला राक्षस. सगळे तिच्या होडीत बसून भडाभडा बोलून जायचे. मला ऐन वेळी गुपितं रचावी लागायची. घाम फुटायचा.

निष्कर्ष: जाडी बाद. एक सिस्टिम कमी झाली, म्हणजे वीस टक्के काम झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

किराणा दुकानात तपासणी. पेटीतून एक किलोचं प्रमाण वजन काढलं, चिमट्याने काट्यावर ठेवलं. काट्यावर आकडा आला एक किलो चाळीस ग्रॅम. खालचं सील तुटलेलं. दुकानदार म्हणाला, मशीनच तसं आहे साहेब, कंपनीचा दोष, मी तर तिला हातही लावत नाही. मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर फैलावर घेतलं. म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो आणि मशीनवर ढकलतो. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. एक आजोबा वा म्हणाले.

संध्याकाळी बायकोला सांगायला गेलो आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. जेवणही गेलं नाही. अपचन असणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

बायको म्हणते, घरात पुस्तकं वाढली आणि बोलणं घटलं. म्हणते, नोव्हेंबरात त्या रविवारी काय झालं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. ती त्या दिवशी स्वयंपाकघरात होती. टाळ्या ऐकू आल्या, म्हणते, मग एकदम शांतता, आणि धाकटी चहा न घेता गेली.

सांगितलं की पात्र मेलं, खेळात मरतातच. म्हणाली, मग तुमचा चेहरा का असा झाला होता?

मी तक्त्यात तेरावा निकष घालायला उठलो.

१५ फेब्रुवारी, रविवार.

पत्तेवालीची चाचणी. चुरस, डावपेच, चित्रं सुरेख. पण कोणाचा पत्ता कोणावर हे मलाच समजेना. मी नियम वाचत बसलो, मग चहा करायला गेलो. आतून हसण्याचा आवाज. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. कपांचा ट्रे घेऊन धावतच आलो. तिघं त्याच पत्त्यांनी रमी खेळत होते. मला बघून हसणं थांबलं आणि मास्तरांनी पत्ते गोळा करून नीट गठ्ठा केला. वर्गात सर आल्यावर मुलं करतात तसं. आणि सर ते स्वतः.

धाकटीचं आजचं पात्र: पहारेकरी. मुका.

पत्तेवाली बाद.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

एक गोष्ट नोंदवायची राहिली. हा खेळ आम्ही का सुरू केला ती.

आई गेल्यावर धाकटीचा आणि माझा दोन वर्षं फोनसुद्धा नव्हता. भांडण नव्हतं. बोलायला काही नव्हतं. लहानपणी ती सात वर्षांची तेव्हा मी चौदाचा, ती कॉलेजात गेली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. भेटलो की बरी आहेस ना, बरा आहेस ना, आणि मग दोघंही पंख्याकडे बघायचो. केमिस्टने जुनीचं पुस्तक आणलं, चौथं माणूस हवं होतं म्हणून तिला बोलावलं. पहिल्याच दिवशी ती होडीवाली झाली आणि तीन तास बोलली. माझी सख्खी बहीण इतकी विनोदी आहे हे मला चाळिशीच्या उंबऱ्यावर कळलं. तेव्हापासून दर रविवारी नऊ वर्षं.

तिने टेबल सोडलं तर पुन्हा पंखा.

संकल्प: उद्या तिला फोन करायचा आणि सगळं मोकळेपणाने बोलायचं.

१८ फेब्रुवारी, बुधवार.

तिची ड्यूटी असेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

आज सुट्टी असेल तिची. सुट्टीच्या दिवशी कशाला त्रास द्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार.

फोन लावला. तिने उचलला. मी विचारलं, उद्या येतेस ना. म्हणाली, येते. मग म्हणाली, दुसरं काही? आणि थांबली. बराच वेळ थांबली. मी म्हणालो, येताना बिस्किटं आण.

बोलणं झालं, एवढं तरी झालं.

२२ फेब्रुवारी, रविवार.

एकपानीची चाचणी. अकरा मिनिटांत संपली. राजा वाचला, राज्य वाचलं, सगळे एकमेकांकडे बघत बसले.

मग मास्तर म्हणाले, वेळ आहे तर उघडी खेळून बघू. पुस्तक ते स्वतःच घेऊन आले होते. केमिस्ट म्हणाला, हो, तक्त्यातही ती पहिली होती ना मध्ये? (तक्ता मी त्यांना चार तारखेला दुपारी पाठवला होता. सात वाजता दुरुस्त केलेला पाठवायचा राहिला.)

मी बोलायला उभा राहिलो. चांगलं बोललो. म्हटलं, पडदा म्हणजे नुसता पुठ्ठा नव्हे. पडद्यात गूढ असतं. ज्याला आपण नशीब म्हणतो त्याचा चेहरा कोणी बघितला आहे का? जादूगाराने बाही वर करून जादू केली तर बघेल कोण? आणि शेवटी विश्वास नावाची काही चीज आहे की नाही?

विश्वास हा शब्द उच्चारला आणि धाकटीने वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, कपाटाकडे. मग पुन्हा खाली.

कोणी वाद घातला नाही. उघडी राहिली. मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही. जेवण पुन्हा गेलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.

ही रोजनिशी मीच वाचणार आहे, तर नोव्हेंबरचं लिहायला हरकत काय.

चार महिने खपून मी एक खलनायक रंगवला होता. धरणाचा मालक. नदीचं पाणी अडवून गावं तहानेने मारणारा. त्याचा किल्ला, त्याचे चाळीस पहारेकरी, प्रत्येकाचं नाव, नकाशे सहा. निदान दोन महिने पुरेल असा मामला. होडीवाली दाराशी गेली आणि पहारेकऱ्यांशी बोलायला लागली. तुझं गाव कोणतं, तुझ्या आईच्या विहिरीला पाणी आहे का. फासेही तिच्या बाजूने. अर्ध्या तासात चाळीसच्या चाळीस फुटले आणि धरण त्यांनीच उघडलं. केमिस्ट आणि मास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. धाकटी लाजून हसत होती. माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. नकाशे सहाच्या सहा पडद्याआड पडलेले.

मी म्हणालो, गच्चीवरून मालक बाण सोडतो. पडद्याआड फासा टाकला. बाण लागायला पंधरा किंवा जास्त हवे होते. मी सतरा म्हणालो.

म्हणालो.

म्हणणं आणि पडणं यात थोडा फरक असू शकतो. गोष्ट सांगणाऱ्याला तेवढी मुभा असते. जाडीचा पहिला खंड, पान अकरा. आणि नऊ वर्षांत कितीदा मी आकडे त्यांच्या बाजूने झुकवले आहेत. केमिस्टचा वैद्य निदान तीनदा मरायला हवा होता. सगळा हिशेब काढला तर मी टेबलाचं देणंच लागत नाही.

हे वाक्य त्या किराणावाल्याने ऐकलं असतं तर डायरीत लिहून घेतलं असतं.

पान फाडायचा विचार होता. पण मागच्या बाजूला तक्त्याची बेरीज आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.

उद्या मुदत. अंतिम तयारी म्हणून खेळाडूच्या बाजूने खोली कशी दिसते ते पाहावं, असा शास्त्रीय विचार केला. पडदा उभा केला, धाकटीच्या खुर्चीत बसलो. तिची ठरलेली जागा, टेबलाचा खिडकीकडचा कोपरा. माझ्या खुर्चीच्या मागे पुस्तकांचं कपाट. काचेच्या दारांचं.

समोर बघितलं. काचेत पडद्याची मागची बाजू दिसत होती. पडद्यामागचं टेबल दिसत होतं. माझ्या उजव्या हाताशी, मी जिथे फासे टाकतो ती जागा दिसत होती. तिथे आधीचाच फासा पडला होता. आकडा उलटा होता, पण वाचता येत होता. नऊ.

उठून पडद्यामागे गेलो. नऊच होते.

मास्तरांच्या खुर्चीत बसून बघितलं. दिसतं. केमिस्टच्या खुर्चीवरून जरा मान वाकडी करावी लागते. केमिस्ट नेहमी मान वाकडी करूनच बसतो. मला वाटायचं स्पाँडिलायटिस.

नऊ वर्षं.

 मी सोळा वर्षं लोकांच्या काट्यांखाली वाकून बघतो, कुठे चिकटपट्टी, कुठे लोहचुंबक. माझ्याच घरात माझ्याच पाठीमागे.

१ मार्च, रविवार. सकाळी १०.

शांत डोक्याने विचार केला. पर्याय तीन.

एक. खरं सांगून टाकणं.
दोन. टेबल फिरवणं. फिरवून बघितलं, दारात अडकतं.
तीन. कपाटाच्या काचेला खाकी कागद लावणं.

पहिला सर्वोत्तम आहे यात वाद नाही. पण तो घाईने करण्यासारखा नाही. तिसरा आत्ता होण्यासारखा आहे.

सकाळी ११:३०. कागद लावला. चिकटपट्टीने, चारही कडा बंद. बायकोने विचारलं, हे काय. म्हटलं, धुळीसाठी. म्हणाली, काचेला कागद लावून पुस्तकांवरची धूळ कमी होते का? आणि क्षणभर माझ्याकडे पाहून आत गेली.

संध्याकाळी ७.

जमेल तसं लिहितो.

तिघं तीनला आले. आले आणि उभेच राहिले. कागद खरं तर एवढा मोठा दिसेल असं मला वाटलं नव्हतं. कपाट त्या भिंतीएवढं आहे. खाकी कागदाशिवाय खोलीत दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी तक्त्याच्या प्रती वाटल्या. पंधरा निकष. कोणी वाचेना.

शेवटी मास्तर खुर्चीत बसत म्हणाले, बरं झालं एका अर्थी, उलटे आकडे वाचून वाचून डोळ्यांचा नंबर वाढला होता. केमिस्ट हसला, मग ओशाळला. म्हणाला, अरे आम्हाला पहिल्या वर्षीच कळलं होतं. माझा वैद्य दरीत पडला तेव्हा तुझे एकोणीस पडले होते आणि तू तीन म्हणालास. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की माझा मित्र किती चांगला आहे बघ. तू दर वेळी वाचवायचास म्हणून आम्ही कधी काही बोललो नाही. बघायचो आणि गप्प बसायचो, एवढंच.

हे सगळं तो प्रेमाने सांगत होता. जमिनीने दुभंगून पोटात घ्यावं असं मला वाटत होतं.

मग धाकटी बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, नोव्हेंबरातही दिसलं दादा. चार.

इथे मी काय बोललो ते लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो. मी म्हणालो की त्या दिवशी ढगाळ होतं, फासा पडद्याला टेकून तिरका पडला होता, चाराचे मला सतरा वाटले असतील.

मास्तरांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे. ते म्हणाले, चाराचे सतरा. एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

धाकटीने पर्स उचलली. म्हणाली, मुदत आज संपत होती. मी म्हटलं, अगं पण सिस्टिम ठरवली आहे मी, बघ तरी. तिने तक्ता घडी करून टेबलावर ठेवला आणि गेली. केमिस्ट आणि मास्तर पाच मिनिटं बसले, बसवत नाही म्हणून उठले.

 कागद बायकोनेच काढला.

२ मार्च, सोमवार. ऑफिसला गेलो नाही.

चार पडले होते. मला चारच दिसले. तिला टाळ्या मिळाल्या त्या मला बघवल्या नाहीत. मी तिचं पात्र मारलं आणि पुस्तकावर ढकललं आणि मग चार महिने नवी नवी पुस्तकं आणून तिच्यावर उपकार केल्याचा आव आणला. इथे कोणताही निकष नाही.

सकाळी ११. फोन केला. हेच वाचून दाखवलं. वाचूनच दाखवावं लागलं, कारण वही बाजूला ठेवली की माझ्या तोंडून ढगाळ हवामान निघतं.

 मागे रक्तपेढीतल्या मशीनचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, टाळ्या? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, एवढ्यासाठी? मी म्हटलं, हो. म्हणाली, तू तोंडाने सांगावंस म्हणून मी महिनाभर थांबले होते. सिस्टिमशी मला काय करायचंय. त्या शनिवारी फोनवर किती वेळ थांबले, तू बिस्किटं सांगितलीस.

मी रडलो बहुतेक. सर्दी नव्हती.

मग घाईघाईत म्हणालो की होडीवालीला परत आणतो. बाण दंडाला चाटून गेला, ती वाहत जाऊन काठाला लागली, एका म्हातारीने वाचवली, सगळं बसवता येईल, एका सेशनमध्ये.

नको म्हणाली. ताडकन नाही, दमल्यासारखी. म्हणाली, दादा, मास्तर सोडले तर नऊ वर्षांत ते नियमांचं पुस्तक आमच्यातल्या कोणी उघडलेलं नाही. आमची सिस्टिम काय होती माहीत आहे का तुला? दादा म्हणेल ते. काचेत एकोणीस दिसायचे, तू तीन म्हणायचास, आम्ही तीन धरायचो. तू वाचला म्हणालास की माणूस वाचायचा. म्हणून तू मेली म्हणालास तेव्हा ती मेली. मला चार दिसत होते तरी मेली. आता तू जिवंत झाली म्हणशील, पण ते धरायचं कसं आम्ही?

मी वहीचं पान उलटलं. पुढचं कोरं होतं.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, रविवारी मास्तरांकडे जमतोय आम्ही. मास्तर गोष्ट सांगणार आहेत. यायचं तर ये. खेळायला.

५ मार्च, गुरुवार.

एक्सेलची फाइल उडवली. कचराकुंडीतूनही उडवली. बायको म्हणाली, छान रंग होते.

जावं की नाही याचे फायदे-तोटे लिहायला घेतले होते. दोन ओळींनंतर थांबलो.

८ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.

गेलो.

मास्तरांच्या घरचं टेबल गोल, लहान. गुडघे एकमेकांना लागतात. उघडीच खेळलो. मास्तर गोष्ट बरी सांगतात. अंतरं मीटरमध्ये सांगतात आणि नदीला नाव द्यायला विसरले, पण बरी. केमिस्टचा वैद्य. धाकटीने नवं पात्र केलं, गवंडीण. बोलते. पहिल्या तासात दोन वाक्यं, दुसऱ्या तासात बरीच. माझ्याशी नाही, केमिस्टच्या वैद्याशी. मी सुतार. मास्तरांनी फॉर्म नीट समजावून सांगितला, जणू मी आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. मीही मान डोलावली.

साडेपाचच्या सुमाराला पुलाची फळी तुटली. गवंडीण लटकत होती. मास्तर म्हणाले, सुतार सगळ्यात जवळ आहे, हात देतोस का. मी म्हटलं, देतो. म्हणाले, टाक, बारा किंवा जास्त हवेत.

टाकला. फासा गडगडत माझ्याच पुढ्यात येऊन थांबला. पडले होते तेरा. मी मोठ्याने म्हणालो, तेरा.

तिघंही बघायला वाकले.